प्रकल्पाचं मनोगत : शनिवारपर्यंत द्या

मंडळी, तोंडाच्या कर्करोगावरचा आपला अहवाल जवळपास तयार आहे. राहिलंय ते प्रत्येकाचं मनोगत. शनिवारी संध्याकाळपर्यंत एक पान लिहून द्या. 'खूप काही शिकायला मिळालं' एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, तसली आधीच आली आहेत!

अमळनेर-चोपड्याकडच्या गावांत जे ऐकलं त्यावर लिहा. "तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" हे लोक किती निर्धास्तपणे सांगत होते! सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४ च्या अहवालातच आहे. तिच्यामुळे तोंडाचं आतलं अस्तर ताठर होतं, हळूहळू तोंड उघडेनासं होतं. उभी तीन बोटं आत जात नसतील तर डॉक्टरांना दाखवावं, हे आपल्यापैकी तरी कोणाला ठाऊक होतं? मिश्री लावणाऱ्या आज्या छापील प्रश्नावलीला दाद देईनात, अहिराणीत विचारल्यावर बोलत्या झाल्या. तेही येऊ द्या. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही पुड्या दिसल्या असतील तर लिहा, दुकानाचं नाव मात्र नको.

भेटलेल्या कोणाचंही नाव वा फोटो टाकू नका. भरलेले फॉर्म घरी असतील तर शनिवारीच आणा.