मेजर बदललास, ठीक आहे, पण…

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू कॉम्प्युटर सायन्स सोडून फिलॉसॉफी, न्यूरोसायन्स आणि सायकॉलॉजी असा एकत्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, डिक्लेअर केल्याचं सांगितलंस आणि बाबांनी फोन माझ्या हातात देऊन गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. सकाळीच घालून झालं होतं. ते रागावलेले नाहीत, एवढंच कळवायला बसलेय. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस.

बँकेत मी सांगून टाकलं, मुलगी आता मेंदूवर शिकतेय. शेजारच्या काउंटरवरून लगेच, "म्हणजे न्यूरोसर्जन?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पेढे मागितले, ते दिले.

आता एकच विचारते. ही डिग्री स्टेममध्ये, म्हणजे त्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत, धरतात का गं? शिकून झाल्यावर अमेरिकेत नोकरी करायला ओपीटीचं एक वर्ष सगळ्यांनाच मिळतं, पण पुढचे चोवीस महिने फक्त स्टेमवाल्यांना. न्यूरोसायन्स त्या यादीत आहे, फिलॉसॉफी नाही. तिन्ही एकत्र केले की मेजरला कोड कुठला लागतो? कॉम्प्युटर सायन्सच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. आणि शिक्षणकर्जाच्या फायली मीच बघते, त्यामुळे मला हे डोळ्यांसमोर दिसतं: कोर्स संपल्यावर वर्षभर हप्ता नाही, मग सुरू. म्हणजे तुझं ओपीटी संपायला आणि हप्ता सुरू व्हायला एकच गाठ पडणार. बस्स, आता हा विषय काढणार नाही.

खरं तर मला नवल वाटायला नको होतं. दुसरीत असताना तुझी दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. ओठ सुजल्यासारखा झालेला, तोंडातून लाळ गळतेय, आणि तू बोबड्या आवाजात त्यांना विचारलंस, "दात तर अजून तिथेच आहे, मग दुखणं कुठे गेलं?" ते हसले आणि म्हणाले, नस झोपलीय. तुझं समाधान झालं नाही. रिक्षात, जिन्यात, जेवताना तेच. झोपलेल्या नसेला दुखत असेल पण आपल्याला कळत नसेल, असं होतं का? मी तेव्हा "गप जेव" म्हटलं. आजोबा मात्र तुला मांडीवर घेऊन बसले. न्यायशास्त्रात मन अणूएवढं मानतात, म्हणून ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, असं काहीतरी सांगत होते. तुला किती कळलं देव जाणे, पण वाद तू घातलास. आज ते असते तर बाबांना गॅलरीत जायची वेळ आली नसती.

तू मागे त्या माणसाचं सांगितलं होतंस ना, १९५३ साली फिट्ससाठी मेंदूचं ऑपरेशन झालं आणि पुढे नवीन काही लक्षातच राहीना. आरशात बघून चांदणी काढायला शिकला, हात रोज सुधारत गेला, आणि रोज म्हणायचा, मी हे पहिल्यांदाच करतोय. परवा संकष्टीला आजीपुढे उकड ठेवली. पारी अंगठ्यानं फिरवत कळ्या अशा काढल्या की माझ्या लग्नानंतर मी पाहिल्या तशाच, एकसारख्या, टोकाला बारीक. प्रत्येक मोदक ठेवताना विचारायची, "आज कुणाकडे आहे गं?" मला तुझा तो माणूस आठवला आणि मी गॅस बारीक करून उभीच राहिले. म्हणजे बघ, तुझा अभ्यास आमच्या ओट्यापर्यंत आलाय. फक्त आजीसाठी म्हणून हे घेतलं नसशील ना? तिला यातून काही बरं वाटणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. नुसत्या मायेवर चार वर्षं निघत नाहीत, त्यात सांख्यिकी असते, लॅब असते, शंभर पानी वाचन असतं, आणि तू… हे लेक्चर झालं. सोड.

तुझ्याच विद्यापीठातल्या, मेंदूवर संशोधन करणाऱ्या राइकल सरांचंही वाचलं मी. मेंदू वजनाला शरीराच्या दोन टक्के, पण शक्ती वीस टक्के खातो, आणि आपण काहीच करत नसताना त्याचा खर्च फारसा कमी होत नाही. माझा तो खर्च रात्री अडीचला कशावर होतो, हे तुला सांगायला नको.

तर तो कोड. आय-ट्वेंटीवर, व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, मेजरच्या नावाशेजारी सहा आकडी असतो म्हणे, मेजर बदलला की नवीन आय-ट्वेंटी मिळते, ती बघ. नसेल यादीत तर दुसरा मेजर जोडता येईल का ते विचार. मायनर जोडून उपयोग नाही, ते मी वाचून ठेवलंय. इंटरनॅशनल ऑफिसला लेखी मेल कर, तोंडी नको, आणि उत्तर मला जसंच्या तसं फॉरवर्ड कर. यादीत नसेल तरी मेजर बदल असं मी म्हणणार नाही. हप्त्याचं काय करायचं ते आपण बघू, माझी नोकरी अजून आहे.

तुषारदादाला एवढ्यात काही बोलू नकोस. तो मोठ्या आत्याला सांगेल आणि मग दिवाळीत मला बसून सगळं समजावावं लागेल.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, फिलॉसॉफीचे विषय किती आणि न्यूरोसायन्सचे किती. कळव. शक्यतो न्यूरोसायन्स आधी लिही.