काम झाले की फलक का उपटता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गल्लीसमोरच्या मुख्य रस्त्यावर मे महिन्यात एक निळा फलक उभा होता. कामाचे नाव, ठेकेदाराचे नाव, मंजूर रक्कम आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, 'दोषदायित्व कालावधी : ३ वर्षे', म्हणजे तेवढ्या मुदतीत रस्ता बिघडला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने. महिनाअखेर डांबर पडले, पांढरे पट्टे मारले, फीत कापली, फोटो निघाले. त्याच संध्याकाळी ठेकेदाराची माणसे फलक उपटून टेम्पोत घालून घेऊन गेली. काम पूर्ण झाले होते ना!

जुना थर न खरवडता नवा त्याच्यावरच चढवला आहे. त्यामुळे रस्ता वर आणि चेंबरची झाकणे चार बोटे खाली. आमच्या फाटकासमोरच्या झाकणावर दूधवाल्याची गाडी आदळते, किटल्या खणखणतात, आणि पहाटे साडेपाचला तोच आमचा गजर. जूनच्या पहिल्या दोन सरींत त्या खोलगटात पाणी साचले आणि कडेची खडी सुटू लागली. पाणी हा डांबराचा जुना वैरी. ते एकदा आत शिरले की डांबर खडीला सोडते आणि पुढचे काम वाहनांची चाके करतात.

नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे पुण्यात होतो आणि जंगली महाराज रस्त्याने रोज सायकलवरून जात असे. त्या रस्त्याची गोष्ट पुणेकरांना पाठ आहे, इतरांसाठी सांगतो. १९७२च्या दुष्काळानंतर १९७३ साली पावसाने पुण्यातल्या रस्त्यांची चाळण केली. तेव्हाचे पुणे महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईतले रस्ते पावसात कसे टिकतात याची चौकशी केली आणि दोन पारशी भावांच्या रेकॉन्डो कंपनीला हॉटमिक्स पद्धतीने, म्हणजे खडी आणि डांबर गरम करून एकत्र मिसळून, हा रस्ता करायला सांगितले. खर्च सुमारे १५ लाख. १ जानेवारी १९७६ला रस्ता पूर्ण झाला. दहा वर्षांत खड्डा पडला तर फुकट दुरुस्त करून देऊ, अशी कंपनीची लेखी हमी होती. दहा वर्षे उलटून कितीतरी पावसाळे गेले, तरी रस्ता तसाच होता. (निविदा न काढता दिलेले काम होते हे. आज कुणी तसे केले तर सभागृह डोक्यावर घेतील, आणि घ्यावेच.) एवढा रस्ता करूनही त्या कंपनीला पुण्यात पुन्हा काम मिळाले नाही, असे सांगतात. ज्याचा रस्ता उखडत नाही, त्याला दरवर्षी बोलवायचे तरी कशाला?

हमी आजही असते. ठेकेदाराची अनामत रक्कम तेवढ्याचसाठी अडकवून ठेवलेली असते. पण हमी कुणाची आणि कधीपर्यंत, हे रस्त्यावरून चालणाऱ्याला कळायला नको का? मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा पहिल्या टेबलावर फाइल बांधकाम विभागात असल्याचे कळले; बांधकाम विभागात गेलो तर साहेब साइटवर. ठेकेदार कोण, मुदत कधी संपते, कुणालाच सांगता येईना. शेवटी माझ्या नातीने सहज काढलेला त्या फलकाचा फोटो मोबाइलवर दाखवला, तेव्हा कुठे अर्जावर शिक्का पडला.

म्हणून मागणी एकच. काम संपल्यावर फलक काढू नये. उलट त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि हमी संपण्याची तारीख ठळक रंगवावी, आणि तो मुदत संपेपर्यंत तिथेच राहावा. मध्येच कुणी पाइपलाइनसाठी किंवा केबलसाठी रस्ता खोदला, तर तेही त्यावर लिहावे, म्हणजे ठेकेदाराला खोदाईकडे आणि खोदाईवाल्याला ठेकेदाराकडे बोट दाखवता येणार नाही. एका पत्र्याचा आणि डबाभर रंगाचा खर्च आहे.

तूर्त नातीच्या फोटोची मोठी प्रत काढून ती प्लास्टिकमध्ये घालून आमच्या फाटकाला बांधली आहे. मुदत संपायला अजून दोन वर्षे दहा महिने आहेत. दूधवाल्यानेही एक प्रत मागून नेली.

आपला,
एक निवृत्त वाचक