दिवा बटणाचा नको, मोटरचा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पॅनल वायरमन आहे. हल्ली अनेक जण घरीच कंट्रोल पॅनल बनवतात. कोणी पंपासाठी, कोणी लेथसाठी, कोणी आगगाडीच्या मॉडेलसाठी. पत्र्याला नीट भोकं पाडलेली, वायरींना फेरूल लावून नंबर घातलेले, असं काम पाहिलं की मला फार आनंद होतो. पण दार उघडून आत पाहिलं की एक गोष्ट वारंवार खटकते.

‘चालू’चा हिरवा दिवा सरळ स्विचच्या टर्मिनलवरून घेतलेला असतो. स्विच दाबला की दिवा लागतो. पण त्या दिव्यावरून कळतं ते एवढंच, की स्विचमधून वीज पुढे निघाली. कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा, चुंबकावर चालणारा स्विच) ओढलाच नसेल, मोटरचा फ्यूज उडाला असेल, तरी दिवा लागलेलाच राहतो, आणि समोरचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. दिवा कॉन्टॅक्टरबरोबरच हलणाऱ्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून घ्यावा, ट्रिपचा दिवा ओव्हरलोड रिलेच्या (जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या रिलेच्या) कॉन्टॅक्टवरून. पंप असेल तर मी याच्याही पुढे जाईन : पाइपात पाणी वाहू लागलं की चालू होणारा फ्लो स्विच बसवा आणि दिवा त्याच्यावरून लावा. आपल्याला हवं असतं पाणी, कॉन्टॅक्टर ओढला गेला ही बातमी नव्हे.

हा बारीकसारीक हट्ट नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. पॅनलवरचा त्याचा दिवा मात्र विझला, कारण तो व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या सोलेनॉइडला (विद्युतचुंबकाला) जाणारी वीज तेवढी दाखवत होता. वीज बंद झाली म्हणजे व्हॉल्व्ह मिटला, असं ऑपरेटर समजले. दोन तासांहून अधिक काळ थंड करणारं पाणी बाहेर जात राहिलं आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला. चुका इतरही झाल्या होत्या, पण त्या दिव्याची जोडणी त्यांतली एक होती.

दिव्याच्या जोडणीबद्दलही थोडं. १२ व्होल्टवर लाल एलईडी स्वतः साधारण २ व्होल्ट घेतो, उरलेले १० व्होल्ट रेझिस्टरने पेलायचे. १० मिलिअँपिअरसाठी १ किलोओहम पुरतो. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर द्यावा. लाल आणि निळा एलईडी पॅरलल जोडून दोघांना मिळून एकच रेझिस्टर दिला तर लाल लागतो आणि निळा अंधारातच राहतो, कारण निळ्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि लाल एलईडी व्होल्टेज तिथवर चढूच देत नाही.

थांबवण्याचं बटण एनसीच (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे न दाबता जोडलेलं) हवं. त्याची वायर तुटली तर यंत्र थांबतं. एनओ (नॉर्मली ओपन, म्हणजे दाबल्यावरच जोडलं जाणारं) वापरलं तर तुटलेली वायर कोणाला कळत नाही, आणि कळते ती नेमकी यंत्र थांबवायची वेळ येते तेव्हा. डीसीसाठी स्विच घेताना त्यावरचं डीसीचं रेटिंग वाचा. एसीतली ठिणगी विझायला मदत होते, कारण करंट दर अर्ध्या सायकलला शून्यावर येतो. डीसीत तसं होत नाही आणि कॉन्टॅक्ट जळतात. दिवे-बटणांचा पुरवठा शक्यतो २४ व्होल्ट डीसीचा, मेन्सपासून वेगळा ठेवा. पत्र्याच्या दारालाही अर्थिंगची स्वतंत्र वायर द्या. बिजागरीच्या भरवशावर राहू नका.

आणि विझलेल्या दिव्याचं काय? यंत्र बंद आहे की दिवाच गेला आहे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यासाठी पॅनलवर एक ‘लॅम्प टेस्ट’ पुश बटण असावं आणि त्यातून प्रत्येक दिव्याला एकेका डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) पुरवठा जावा. डायोड वगळला तर एक दिवा लागताच टेस्टच्या वायरमधून उलटी वीज फिरून सगळेच दिवे लागतात.

विज्ञानाच्या पानावर घरी करायच्या उपकरणांची सर्किटं छापताना दिवा कुठून घेतला आहे, हे आपण तज्ज्ञाकडून जरूर तपासून घ्यावं, ही कळकळीची विनंती. शाळकरी मुलं ती आकृती जशीच्या तशी जोडतात.

आपला,
एक पॅनल वायरमन