भाडेकरूशी बोलण्याआधी हे वाच

नाशिक,
२ फेब्रुवारी

प्रिय सुधीर,

तुझं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं आणि खरं सांगतो, जीव खालीवर झाला. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू वीज चोरतोय, घरातल्या वीजवापराच्या डिस्प्लेवर दिसतात त्यापेक्षा बिलात चाळीस-पन्नास युनिट जास्त येतात, तेव्हा या महिन्यात त्याच्याकडून फरकाचे पैसे वसूल करणार आणि नाही दिले तर खोली खाली करायला सांगणार, असं तू लिहिलंयस. सुधीर, एवढं एक ऐक. हे पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत त्याला काही बोलू नकोस. नेमकं हेच मी जानेवारीत केलं आणि एका चांगल्या माणसाचं मन दुखावून बसलो.

तो डिस्प्ले दिवाळीनंतर मीच आणला आणि तुलाही घ्यायला लावला, तेव्हा हे तुला सांगणं माझंच काम आहे. मीटरच्या पेटीत फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीला प्रवाह मोजणारा चिमटा लावायचा आणि आकडे बैठकीतल्या भिंतीवर बघायचे. पहिले पंधरा दिवस घरात सगळ्यांना त्याचं वेड लागलं होतं. गिझर लावला की आकडा कसा उडी मारतो ते बघायला धाकटी धावत यायची. मग जानेवारीत बिल आलं. डिस्प्लेवर डिसेंबरचे १९२ युनिट आणि बिलात २४६. रुपयांचा फरक तर दुपटीच्या आसपास.

आमच्या रो-हाऊसची आणि शेजारच्या काकांची भिंत एकच, हे तुला माहीत आहे. त्यांची एक वायर आमच्या पेटीशेजारून वर जाते. मी कसलाही विचार न करता चार लोकांसमोर त्यांना विचारलं, "काका, ही वायर नक्की कुठून येते?" वीज चोरायला आकडा टाकलाय असं तोंडाने म्हटलं नाही, पण शब्दांची गरजच नव्हती. काका काही न बोलता आत निघून गेले.

त्या रविवारी मी पुरावा शोधायला म्हणून पेटी उघडली. मीटरवर तांबडा दिवा लुकलुकतो ना, त्याच्याजवळ बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की किती लुकलुकींचा एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० आहे. काहींवर १६०० असतं, तुझ्यावर काय आहे ते बघ. मी घरचा मेन स्विच पाडला. आता दिवा थांबायला हवा होता. पण तो लुकलुकतच राहिला, सेकंदाला एक, अगदी घड्याळासारखा. चोरी पकडलीच असं वाटून मी मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागलो, आणि तेवढ्यात गच्चीवरून पाण्याचा आवाज कानावर आला. टाकी भरत होती. आमची मोटर चालू होती, मेन बंद असताना!

घर बांधताना वायरमनने मोटरची आणि मागच्या अंगणातली लाइन मेन स्विचच्या आधीच, कट-आउटपासून (मीटरनंतरच्या फ्यूजपासून) वेगळी काढली होती. मागच्या अंगणात वॉशिंग मशीन आहे. आणि चिमटा मी लावला होता तो मेनकडे जाणाऱ्या वायरीला. म्हणजे मीटर दोन्ही वाटांची वीज मोजत होता आणि डिस्प्ले एकाच वाटेची. एक हॉर्सपॉवरची मोटर तासाला एक युनिटाहून थोडी जास्तच खाते. रोज पाऊण तास धरला तर ३३ दिवसांत सत्तावीस-एक युनिट झाले. वॉशिंग मशिनचे आणखी आठ-दहा धर.

तेहतीस दिवस का, ते सांगतो. बिल नीट वाचलं तर मागील रीडिंगची तारीख ७ डिसेंबर होती आणि चालू रीडिंगची ९ जानेवारी. मी मात्र डिस्प्लेवर १ ते ३१ डिसेंबर बघत होतो. यंदाची थंडी तुला ठाऊकच आहे, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी बोटं वाकत नव्हती, गिझर दोनदा लागायचा. बिलाच्याच तारखा डिस्प्लेवर लावून बघितल्या तेव्हा १९२ चे २११ झाले. उरले ३५. ते मोटर आणि मशीन.

मी पेटीसमोर बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग काकांकडे गेलो. माफी मागितली. त्यांनी आधी चहा ठेवायला सांगितलं आणि मग म्हणाले, "चल, दाखव तुझा तो डिस्प्ले." ते अंबडच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं मेंटेनन्सला होते, हे मला शेजारी राहूनही धड माहीत नव्हतं. पुढचं सगळं मी त्यांच्याकडून शिकलो.

काका म्हणाले, तुझा हिशेब जुळला खरा, पण जुळला म्हणून बरोबर समजू नकोस. हा चिमटा वायरीतून किती अँपिअर जातात तेवढंच बघतो. व्होल्टेज तो मोजतच नाही, २३० आहे असं धरून गुणाकार करतो. संध्याकाळी सगळ्या कॉलनीत गिझर आणि मोटरी लागल्या की आपल्याकडे व्होल्टेज २०७ पर्यंतही उतरतं. तेव्हा डिस्प्ले खऱ्यापेक्षा अकरा टक्के जास्त दाखवतो. रात्री उशिरा ते २४५ वर गेलं की कमी दाखवतो.

दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टरची, म्हणजे वायरीतून जाणाऱ्या प्रवाहातला किती भाग खरंच कामी येतो त्याची. त्यांनी ती अशी समजावली की मी जन्मात विसरणार नाही. लासलगावच्या बाजार समितीच्या फाटकावर एकजण ट्रॅक्टर मोजत बसलाय आणि प्रत्येक ट्रॅक्टर काठोकाठ भरलेला आहे असं धरून कांदा लिहून घेतोय. आत भुईकाट्यावर दुसरा माणूस प्रत्येक ट्रॉलीचं वजन करतोय. गिझर आणि इस्त्री म्हणजे भरलेले ट्रॅक्टर, तिथे दोघांचे आकडे जुळतात. पण फ्रीज, स्वस्तातले एलईडी दिवे, यांचे ट्रॅक्टर अर्धेमुर्धे भरलेले येतात. फाटकावरचा माणूस मात्र भरलेलाच धरतो. चिमटा म्हणजे फाटकावरचा माणूस, मीटर म्हणजे भुईकाटा. कारखान्यात कपॅसिटर बँक नावाचं उपकरण लावतात ते असे अर्धे रिकामे फेरे कमी करायलाच, हे तुला सातपूरच्या कारखान्याच्या दिवसांपासून माहीत आहे. घरगुती बिल मात्र भुईकाट्याच्या आकड्यावरच होतं.

हे नुसतं ऐकून सोडलं नाही, आम्ही मोजलं. मोटरची लाइन बंद केली, घरातलं सगळं बंद केलं आणि फक्त दोन हजार वॉटचा गिझर लावला. थोरली लुकलुक मोजत होती, काका घड्याळ बघत होते. शंभर लुकलुकींना ५८ सेकंद लागले. ३२०० ला एक युनिट, म्हणजे शंभर लुकलुकी ३१.२५ वॉट-अवर. हिशेब केला तर १९४० वॉट. डिस्प्लेवर होते १९७०. एवढा फरक कुणाला जाणवणारही नाही. मग गिझर बंद करून एकटा फ्रीज ठेवला. दहा लुकलुकींना ८६ सेकंद लागले, म्हणजे साधारण १३० वॉट. डिस्प्ले काय म्हणत होता? २००!

म्हणजे फ्रीजला डिस्प्ले दीडपट दाखवत होता आणि मोटर अजिबात दाखवत नव्हता. एक चूक वर ओढत होती आणि दुसरी खाली. माझे ३५ युनिट मोटर-मशिनच्या अंदाजाशी जुळले ते काही अंशी योगायोगानेच. सुधीर, मला यातलं हेच सगळ्यात घातक वाटतं. डिस्प्लेचा आकडा बिलाशी जुळला तरी तो बरोबर असेलच असं नाही, आणि नाही जुळला म्हणून कुणी चोर ठरत नाही. आपल्या मीटरला आयएस १३७७९ या मानकाची वर्ग १ ची मर्यादा आहे, म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत एक टक्क्याची चूक. चिमट्याच्या डिस्प्लेवर असं काही बंधन माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यातून वायरीतला प्रवाह अगदी थोडा असला, नुसता राउटर आणि सेट-टॉप बॉक्स चालू असला, की चिमट्याला तो नीट पकडताच येत नाही.

आता तुझ्या रुपयांबद्दल. तू डिस्प्लेत सात रुपये युनिट असा एकच दर भरलायस, मीही तसाच भरला होता. पण बिल टप्प्यांनी होतं. पहिल्या १०० युनिटांचा दर आणि १०१ ते ३०० चा दर यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. शिवाय स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. मागची थकबाकी असेल तर तीही. यातलं काहीच डिस्प्लेला कळत नाही. आणि एक बारकी गोष्ट बघ. डिस्प्लेकडून जे युनिट सुटतात ते नेहमी वरच्याच टप्प्यात पडतात, म्हणून थोड्या युनिटांचा फरक रुपयांत फार मोठा दिसतो. रुपयांवरून भांडण काढणं म्हणूनच सर्वात वाईट. इंग्लंडात तर स्मार्ट मीटरबरोबर घरात छोटा डिस्प्ले देतात आणि तो थेट मीटरकडूनच आकडे घेतो, तरीही थकबाकी किंवा बदललेला दर यांमुळे तिथेही बिलाची रक्कम वेगळी निघू शकते.

तू पाठवलेला बिलाचा फोटो मोठा करून पाहिला. नोव्हेंबरच्या बिलात चालू रीडिंगच्या जागी आकडा नाही, रीडिंग मिळालं नाही असा शेरा आहे आणि युनिट सरासरीने लावलेत. दिवाळीत तुम्ही सगळे गावी होतात, फाटकाला कुलूप होतं, आठवतंय? डिसेंबरच्या बिलात मग दोन महिन्यांचं खरं रीडिंग एकदम आलं. तुझे निम्मे युनिट मला तरी तिथेच दिसतात. त्या बिलात आधीच्या सरासरीचे पैसे वळते केलेत का आणि टप्प्यांचा फायदा दोन महिन्यांचा धरलाय का, तेवढं तपासून घे. नसेल धरला तर ते भांडण योग्य आहे, ते जरूर कर, पण कार्यालयात जाऊन कर.

आणि तुझ्या भावाने गच्चीवर सोलर बसवलंय ना? त्याचा चिमटा मीटर आणि घर यांमधल्या वायरीला असेल तर त्यावर अजिबात विसंबू नका. नुसता प्रवाह मोजणाऱ्या चिमट्याला वीज आत येतेय की बाहेर जातेय ते कळत नाही. आमच्या ताईकडे पाथर्डी फाट्याला भर दुपारी घरात कुणी नसताना डिस्प्ले दोन किलोवॉट "वापर" दाखवत होता. तेवढी वीज खरं तर घरातून बाहेर जात होती.

तेव्हा आता एवढं कर. रविवारी सकाळी भाडेकरूलाच खाली बोलाव. संशयित म्हणून नको, मदतीला बोलाव. घरातली सगळी उपकरणं बंद करा, त्याचा स्विचही बंद करा आणि मीटरचा दिवा बघा. लुकलुक थांबली तर तुमच्या दोघांच्या स्विचच्या आधी कुणी वीज ओढत नाहीये. नाही थांबली तर आधी मोटर, जिन्यातला दिवा, बोअर, जे आठवेल ते शोधा. मग तो एकच गिझर लावेल आणि तू लुकलुक मोज. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, आणि चिमटा हलवायचा असेल तर परवानाधारक वायरमनला बोलव, पेटीत स्वतः हात घालू नकोस. एवढं करूनही मीटरच जलद पळतोय असं दिसलं तर अर्ज कर, मीटर तपासून मिळतो.

मी डिस्प्ले काढून टाकलेला नाही. कुठला तास महाग जातोय, गिझर कोण विसरलं, हे तो चांगलं सांगतो. पण महिन्याचे युनिट मी आता वहीत लिहितो, दर रविवारी सकाळी थेट मीटरवरून. थोरलीने त्यासाठी पेटीत पेन्सिल बांधून ठेवलीय.

काका आता संध्याकाळी पुन्हा आमच्या ओट्यावर बसायला येतात. पहिले आठ दिवस आले नव्हते. ते दिवस मला फार जड गेले, रे. तुझा भाडेकरू तर नवीन माणूस आहे, दोन लेकरं आहेत त्याला. तो कुठून परत येणार?

तुझ्या मीटरवर किती लुकलुकींचा युनिट लिहिलाय आणि मागच्या तीन बिलांच्या रीडिंगच्या तारखा काय आहेत, एवढं पाठव. काका म्हणालेत, आपण दोघं बसून हिशेब करू. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन