भीतीचे फूट मोजणाऱ्या मॅडमना

मॅडम,

सप्रेम नमस्कार. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

खोल पाण्याची भीती वाटते म्हटलं की आमच्याकडे दोनच औषधं: "पोहायला शीक", नाहीतर "द्या ढकलून, आपोआप शिकेल". मला पोहता येतं, हे ऐकून घ्यायला कुणी थांबतच नसे. टाकीच्या उथळ बाजूला मी आरामात पोहते. पायाखालची फरशी दिसेनाशी झाली की छातीत धडधडतं, बोटं गार पडतात. औदुंबरला दत्ताचं दर्शन झालं की घरचे नावेनं पलीकडे भुवनेश्वरीला जाणार आणि मी पिशव्या राखत घाटावर.

तुम्ही आधी नीट विचारलंत. भीती बुडण्याची, की खाली काय आहे ते न दिसण्याची? नुसता फोटो बघूनही होतं का? सहा महिन्यांहून जास्त काळ आहे का? तिच्यापायी काय काय करायचं सोडलंत? ऑगस्टातल्या कृष्णेला घाबरणं हा आजार नव्हे, हेही तुम्हीच सांगितलंत. २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं ज्यानं पाहिलंय, त्यानं घाबरू नये तर काय करावं! पण उन्हाळ्यातल्या संथ नदीकाठीही तेवढाच घाम फुटतो, दुखणं ते.

मग मोजमाप. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाची भीती मोजायची ० ते १०० ची पट्टी तुम्ही समजावलीत, पण मला सगळंच शंभर वाटायचं. शेवटी म्हणालात, "बरं, आयर्विनचे फूट सांगा." पुराचं पाणी ४०ला इशारा, ४५ला धोका हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ! घाटाच्या पायरीवर ३०. गुडघाभर पाण्यात ३८. काठाला बांधलेल्या नावेत ४४. "उठायचं तर उठा, पण पळालं की लगेच बरं वाटतं आणि त्यावरच भीती पोसते," एवढंच बोलून तुम्ही शेजारी बसून राहिलात. मी फळी घट्ट धरून आकडे सांगत होते: ४४, ४४, ४२... ३५ला फळी सोडली. पाणी तेवढंच खोल होतं.

चालती नाव अजून बाकी आहे. नुसती मनात आणली तरी ४६ होतात. पाऊस उघडून नदी खाली गेली की तेही करू. तारीख तुम्ही सांगा, लाइफ जॅकेट मी आणते.

आपली,
सांगलीची एक गृहिणी