एमबीबीएसनंतरचं पण छापा की साहेब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नीटचा निकाल लागला की तुमच्या पेपरात पानंच्या पानं मार्गदर्शन येतं, पण एमबीबीएस झाल्यावर पुढं काय याच्यावर दोन ओळी पण दिसत नाहीत. माझी लेक एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला व्हॅस्क्युलर सर्जन व्हायचंय. पाहुणे विचारतात, म्हणजे हार्टची डॉक्टर काय? नाही ओ, हार्टचे सर्जन वेगळे. हे हातापायाच्या, मानेच्या, पोटातल्या रक्तवाहिन्या बघतात, डायलिसिसवाल्यांचा फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला हातातल्या दोन रक्तवाहिन्यांची जोडणी, ती पण करतात.

तिनं हेच का धरलंय ते सांगतो. आमच्या वडिलांना शुगर. नवी चप्पल अंगठ्याला चावली, जखम भरेना, घरी हळद लावून झाली, मग एका दवाखान्यात महिनाभर नुसतं ड्रेसिंग. अंगठा काळा पडल्यावर पुण्याला नेलं, तिथं डॉक्टरांनी रक्ताचा प्रवाह ऐकवणारं पेनाएवढं डॉपलर मशीन हातावर धरलं तर भस्स भस्स आवाज, घोट्याला धरलं तर काहीच नाही. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, ०.९ च्या खाली आलं की पायाला रक्त कमी पडतंय, एवढी साधी तपासणी पण महिनाभरात कुणी केली नाही. गुडघ्याखाली पाय काढायला लागला. पोरगी तेव्हा दहावीत होती, आजोबांची काठी तीच धरायची.

आता वाट बघा किती लांब आहे. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग नीट पीजी देऊन ३ वर्षं एमएस जनरल सर्जरी, मग नीट एसएस म्हणजे सुपर स्पेशालिटीची प्रवेश परीक्षा, त्यानंतर व्हॅस्क्युलरची ३ वर्षांची सुपर स्पेशालिटी पदवी, एमसीएच नाहीतर डीआरएनबी. एमसीएच युनिव्हर्सिटीचं, डीआरएनबी नॅशनल बोर्डाचं, दोन्ही चालतात. म्हणजे कुठंही न अडकता साडेअकरा वर्षं! त्यात युरॉलॉजी, प्लास्टिक, कॅन्सर सर्जरी करणारे पण त्याच नीट एसएसला बसतात, मग ज्या ब्रँचचं नाव पण धड ऐकलं नाही तिकडं पोरं कशाला जातील.

पायाचा रक्तपुरवठा एकदम बंद पडला तर हातात साधारण ६ तास असतात आणि कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणून विनंती, ही सगळी वाट एकदा सविस्तर छापा, आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात सर्जरी शिकणाऱ्या पोरांना काही महिने तरी व्हॅस्क्युलर युनिटला पाठवावं हा विषय पण लावून धरा. लेकीनं परीक्षांची सगळी माहिती वहीत लिहून ठेवलीय, सांगाल तेव्हा ऑफिसात आणून देतो.

आपला,
एक पालक, करवीर, जि. कोल्हापूर