आधी वायर बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं साताऱ्याहून चिपळूणला निघालो होतो. फोन वायरीने गाडीला जोडला होता आणि पाटणपर्यंत अँड्रॉइड ऑटोवर, म्हणजे फोनमधली अॅप्स गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोयीवर, नकाशा व्यवस्थित दिसत होता. पुढे खड्डे लागले आणि त्याचा लपंडाव सुरू झाला. कुंभार्ली घाटात तर त्याने मानच टाकली. मी एका हाताने वायर काढ-घाल करतोय हे बघून सौ. म्हणाल्या, "अहो, घाटाला रस्ता एकच आहे, चुकाल कुठे? दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा."

परत आल्यावर सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या मुलाने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "सॉफ्टवेअर अपडेट मारू, नाहीतर पूर्ण सिस्टिम बदलावी लागेल," म्हणाला. आकडा ऐकून मी चावी परत मागून घेतली.

कराडला माझ्या भाच्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने उलट गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फोन बंद केला, चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारला आणि लाकडी दातकोरणीने हलकेच कोरायला लागला. आतून जे निघालं त्यात एखादी वात वळता आली असती! खिशातला कचरा वर्षभर आत दाबला जात होता, त्यामुळे पिन पूर्ण बसतच नव्हती. चार्जिंग होत होतं म्हणून मला कधी शंका आली नाही.

मग त्याने माझी वायर हातात घेतली. "मामा, ही कुठून आणलीत?" महामार्गावरच्या टपरीवरून, दुसरं कुठून! साध्या यूएसबी वायरीत चार तारा लागतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्तातल्या कित्येक वायरींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. त्यावर फोन चार्ज होतो, पण अँड्रॉइड ऑटो उघडतच नाही. माझ्या वायरीत त्या होत्या, पण पिनेपाशी वाकून वाकून जायबंदी झाल्या होत्या. वायर चांगल्या प्रतीची आणि मीटरभराच्या आत असावी, मध्ये जोड नसावा, असं खुद्द गूगलच सांगतं. माझी चांगली दीड मीटर होती, मागच्या सीटपर्यंत पोचावी म्हणून हौसेने घेतलेली.

भाच्याने दिलेली एक खूण फार उपयोगी वाटली. खड्ड्यात तुटतं ते वायरीचं किंवा पिनेचं दुखणं. सपाट रस्त्यावर, फोनची स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने तुटत असेल, तर फोनचं बॅटरी बचतीचं सेटिंग अँड्रॉइड ऑटोला झोपवत असण्याची शक्यता जास्त. आणि रेंज गेली म्हणजे जोडणी तुटली असं नव्हे. तेव्हा नकाशा अडखळेल, पण गाडीची स्क्रीन रेडिओवर परत जाणार नाही.

बिनवायरीच्या जोडणीची तऱ्हा वेगळी. तिथे ब्लूटूथ ओळख करून देतं आणि कॉल सांभाळतं, नकाशा आणि स्क्रीनचा कारभार मात्र वाय-फायवर चालतो. त्यामुळे ब्लूटूथवर कॉल नीट येतात, म्हणजे बाकीचंही ठीकच असणार, हा हिशेब चुकतो. फोनमध्ये व्हीपीएन (इंटरनेट आडवाटेने फिरवणारं अॅप) चालू असेल तरी घोटाळा होऊ शकतो. त्यात फोन उन्हात काचेला लावलेला असला की तापतो आणि हातपाय गाळतो.

माझी गाडी जुनी घेतलेली. भाच्याने गाडीच्या स्क्रीनवर जोडलेल्या फोनची यादी उघडली तर आधीच्या मालकाच्या घरातले चार फोन अजून तिथे नांदत होते! ते काढले, माझाही फोन गाडीतून आणि गाडी फोनमधून पुसली आणि नव्याने जोडणी केली. गाडी विकणाऱ्यांनी हे आवर्जून करावं. नाहीतर आपल्या नात्यागोत्याचे नंबर गाडीबरोबर परगावी जायचे.

नवी गाडी देताना शोरूममध्ये हार, पेढे, फोटो सगळं साग्रसंगीत होतं. त्यात दहा मिनिटं या जोडणीसाठी का नसावीत? कित्येक गाड्यांत दोन-तीन यूएसबी पोर्ट असतात, त्यातल्या एखाद्यालाच माहितीची जोडणी असते आणि बाकीचे नुसते चार्जिंगचे. कोणता कुठला, ते त्या बारक्या चिन्हावरून आमच्यासारख्या साठी ओलांडलेल्यांना कळत नाही. २०२० सालच्या नियम-दुरुस्तीनुसार गाडी चालवताना फोनसारखं हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यापुरतं वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. घाटात वायरीशी झटापट करणारा मी त्यात कुठे बसत होतो कोण जाणे.

सर्व्हिस सेंटरवाल्यांना एकच विनंती. काउंटरपाशी एक चांगली डेटा केबल टांगून ठेवा. असं गिऱ्हाईक आलं की आधी ती लावून बघा आणि मगच सिस्टिम बदलायची भाषा करा. माझं काम शेवटी एका नव्या वायरीत आणि एका दातकोरणीत भागलं. भाच्याने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मलाच पाजायला लावला.

आपला नियमित वाचक,
सातारा